हैदराबाद ते कोल्हापूर – सव्वा तास

इथले अनुभव मी बरेच महिने वाचते आहे, लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसले. वाचायचे तेही खरं सांगायचं तर करमणूक म्हणून... दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की. करणी, चकवा, भास – यातलं काही मी कधी मानलं नाही. साताऱ्याला डी. फार्म. केलं, त्यानंतर आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं. तापाने, भीतीने, झोपेच्या गोळीने माणसाला काय काय दिसतं ते मी रोज ऐकते आणि मान डोलावते. त्यामुळे हे वाचून कुणी "ताई, टेन्शन आलं असेल" असं लिहिणार असेल तर खुशाल लिहा. मी स्वतःलाही तेच सांगून बघितलंय.

माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं, उसाचं गाव. सासर विट्याकडचं. नवऱ्याचा गलाईचा धंदा – म्हणजे सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्याकडची माणसं या धंद्यापायी कुठं कुठं पांगलीत, आम्ही लग्नापासून हैदराबादला. पूर्वी माहेरी यायचं म्हणजे रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान मोडत यायचं. मग कोल्हापूरचं विमान सुरू झालं. आमच्या ह्यांना या गोष्टीचं भारी कौतुक. फोनवर नकाशा काढून मला दाखवायचे – "हे बघ, सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सव्वा तास! तुझी आमटी उकळेपर्यंत माणूस माहेरी." मी त्या विमानाने चार-पाच वेळा गेलेही होते. पंख्यांचं छोटं विमान असतं. चहा प्यायचा, खिडकीतून द्राक्षबागांच्या रेघा दिसायला लागल्या की पट्टा बांधायचा... संपला प्रवास.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी दुकानात होते, दादाचा – माझ्या मोठ्या भावाचा – फोन आला.

"शैले, आबास्नी मेंदूचा ॲटॅक आलाय. उजवी बाजू गेली. बोलणं बंद हाय. सांगलीला आणलंय, आयसीयूत."

"किती वेळाने आणलंत?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. सवय.

"त्ये आता नगं इचारू. तू ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं. रात्रभर झोप नाही. निघताना पिशवीत गडद निळी लोकर आणि क्रोशाची प्लास्टिकची सुई टाकली. आबांना, म्हणजे वडिलांना, मफलर करायचा म्हणून लोकर केव्हाची आणून ठेवली होती, राहूनच गेलं होतं. विमानतळावर बसल्या बसल्या हाताला काहीतरी चाळा हवा, नाहीतर मी तिथंच रडले असते. विमानात बसायचं बोलावणं येईपर्यंत चार बोटंही विणून झालं नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय.

माझी जागा खिडकीपाशी. शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ येऊन बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, बारीक केस, नुकतीच केलेली गुळगुळीत दाढी. फौजी माणूस लगेच ओळखू येतो. त्यांनीच विचारलं, "कोल्हापूरच्या का ताई?"

"कडेगावची."

"मग आपलीच की! मी कोरेगावचा. सुभेदार जाधव, रिटायर. पोराकडं आलतो, पण करमंना गड्या तिथं... निघालो." मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "काय झालंय का घरी?"

मी सांगितलं. त्यांनी "व्हतंय बरं" एवढंच म्हटलं आणि आपला पट्टा लावायला घेतला. मला ते बरं वाटलं.

विमान वेळेवर सुटलं. चहा आला, गेला. कानात दडे बसायला लागले, म्हणजे खाली उतरायला सुरुवात झाली होती. पट्ट्याचा दिवा लागला. आणि मग खिडकीबाहेर एकदम पांढरं झालं. काहीच दिसेना, पंखासुद्धा धूसर. थोडा वेळ तसंच गेलं, मग पंख्यांचा आवाज वाढला आणि आम्ही परत वर उन्हात आलो. वैमानिकाने सांगितलं, कोल्हापूरला दाट धुकं आहे, धावपट्टी दिसत नाही, धुकं विरळ होईपर्यंत आपण वरच थांबू. पंधरा-वीस मिनिटं लागतील.

पुढून कुणीतरी "झालं!" म्हणालं. फेब्रुवारीत असं होतं, यात वावगं काही नाही.

विमान डावीकडे कललं. माझी खिडकी डावीकडचीच, त्यामुळे मला खालचं सरळ दिसत होतं. सगळीकडे धुक्याची गोधडी, पण एका जागी ती फाटली होती. त्या भोकातून द्राक्षबागा, बेदाणा वाळवायच्या दोन लांब शेड, त्यांची हिरवी जाळी, शेजारी निळ्या कागदाचं चौकोनी शेततळं. तासगावच्या बाजूचा भाग असावा. कडेला एका शेतात उसाचं पाचट पेटवलेलं. धुराचा एक लोट सरळ वर येऊन मध्येच उजवीकडे वाकला होता, कोपरातून हात वाकवावा तसा.

विमान सरळ झालं. पुन्हा कललं. पुन्हा तेच भोक, तीच शेड, तेच तळं. घिरट्या घालतंय म्हटल्यावर तेच दिसणार. मी विणायला घेतलं, पण टाके चुकत होते म्हणून ठेवून दिलं. डोळे मिटले. आबांचा चेहरा समोर आला. तोंड वाकडं झालं असेल का... मला ओळखतील का... बराच वेळ तसाच गेला. डोळे उघडले तर विमान कललेलं, खाली तेच. धूर तसाच, कोपरातून वाकलेला.

मनगटावरचं घड्याळ बघितलं. ठरवलं, आता उगाच सारखं बघायचं नाही. मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसले. घेता घेता जीभ कोरडी पडली. मान अवघडली. विमान किती वेळा कललं, किती वेळा सरळ झालं, मोजायचं सोडून दिलं. मग परत घड्याळ बघितलं.

मिनिटकाटा हलला नव्हता.

घड्याळ बंद पडलं असतं तर मी समजले असते. सेकंदकाटा फिरत होता! माझ्या डोळ्यांदेखत पूर्ण फेरी मारून तो वर आला, पुन्हा निघाला, पुन्हा वर आला. मिनिटकाटा जागचा हलेना. मी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं.

"ताई," जाधव अगदी हळू म्हणाले, "तुमास्नी काय येगळं वाटतंय का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता.

"त्यो धूर बघा. मी मघाधरनं बघतोय. वारं पडलंय असं समजू. पण धूर वर तरी जाईल का न्हाई? फाटंल, इस्कटंल... चितरल्यागत हाय त्यो."

तोवर मला फक्त काळजी होती. धुराचं ऐकल्यावर पहिल्यांदा भीती वाटली, कारण मी एकटी असते तर मनाची समजूत काढली असती. दुसऱ्या माणसालाही तेच दिसत होतं.

मी डोक्यावरची बेल दाबली. दिवा लागला. कुणी आलं नाही. हवाई सुंदरी पुढे तिच्या घडीच्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती, आमच्याकडे तोंड करून, निर्विकार चेहऱ्याने. मी हात हलवला. तिने बघितलं नाही... किंवा बघितलं, पण काही केलं नाही. मी पट्टा सोडून उठले. जाधवांनी पाय आखडून वाट दिली. मागच्या बाजूला संडास, तिथपर्यंत गेले. वाटेतले लोक नेहमीसारखेच होते. कुणी डुलकी घेत होतं, एकजण पेपर वाचत होता, एक बाई मोबाईलमधले फोटो बघत होती. सगळे जिवंत, श्वास घेणारे, गरम. म्हणूनच जास्त भयानक वाटलं. परत येताना मी मुद्दाम त्या पेपरवाल्याकडे बघितलं. तेच पान. मी आणखी दोनदा त्याच्या शेजारून गेले – तेच पान.

"ओ, ऐका ना," मी त्याच्या खांद्याला हात लावला. "आपण किती वेळ वर आहोत हो?"

त्याने मान वर केली, थोडं वैतागून. "आत्ताच तर सांगितलं ना पायलटने. पंधरा-वीस मिनिटं." आणि पुन्हा पेपरात.

संडासाच्या आरशात मी स्वतःला बघितलं होतं. डोळे लाल, ओठांना पापुद्रे. रात्रभराच्या ट्रॅव्हल्समधून उतरल्यावर दिसते तशी मी दिसत होते.

जागेवर येऊन बसले आणि मग मात्र धीर सुटला. खिडकी उघडत नाही. दार उघडत नाही. खाली माझा जिल्हा दिसतोय, तासाभराच्या वाटेवर माझा बाप पडलाय, आणि मी एका नळकांड्यात बांधलेली. ओरडले तर वेडी म्हणून धरून ठेवतील. नाही ओरडले तर असंच... किती? श्वास पुरेना. मी पुढच्या सीटला डोकं लावलं आणि "मला उतरायचंय, मला उतरायचंय" असं काहीतरी म्हणत राहिले.

जाधवांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. आपल्या पायापाशी पडलेला लोकरीचा गुंडा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"विणा," ते म्हणाले.

"काय?"

"विणा म्हणतो. बर्फात पोस्टावर अडकलतो आमी एकदा. हेलिकॉप्टर येईना, वाट बंद. दोन पोरं सारखी बाहीर बघत बसायची – आता येतंय, मग येतंय. त्यांची डोकी फिरली बघा. आमचा उस्ताद म्हणायचा, बाहीर बघू नगा, हातातलं काम बघा. भांडी घासली आमी, बुटं घासली, पुन्हा भांडी घासली. वाचलो. तुमी विणा. मी बोलतो."

आणि मी विणलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. ओळ संपली की उलटायचं, दुसरी ओळ. जाधव बोलत राहिले. त्यांचं लहानपण, भरती, पहिली पोस्टिंग, बायको कशी भेटली, ती कशी गेली, पोराच्या शिक्षणाचे हाल, गुडघ्याचं ऑपरेशन... सगळं आयुष्य. मधे थांबले तर मी म्हणायचे "मग?" मग माझं मी सांगितलं. आई लवकर गेली, आबांनी दुसरं लग्न केलं नाही, माझ्या वेण्या ते घालायचे आणि एक वेणी नेहमी वर, एक खाली. शाळेत पोरी हसायच्या. मी आबांना कधी सांगितलं नाही.

विमान कललं की उन्हाचा एक पट्टा माझ्या मांडीवरून सरकत जायचा आणि प्रत्येक फेरीला बरोबर त्याच जागी यायचा. सूर्य हलत नव्हता.

भूक लागली. जाधवांच्या सुनेने धपाटे बांधून दिले होते, आम्ही ते सगळे खाल्ले. मधे मला झोप लागली. डुलकी नाही... गाढ, रात्रीची लागते तशी. जाग आली तेव्हा एक क्षण वाटलं, पोचलो. मग विमान डावीकडे कललं.

जाधव जागेच होते. "न्हाई," एवढंच म्हणाले, मी विचारायच्या आत.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येत नाही. एक दिवस, एक रात्र, कदाचित जास्त. पाय सुजले. बोटं दुखायला लागली. बोलायचं संपलं. लोकर संपत आली. शेवटी गुंडाच उरला नाही, तेव्हा मी टोकाला गाठ मारली, शिल्लक तुकड्यांचे गोंडे केले, आणि हातात करायला काही राहिलं नाही. मला जाधवांच्या गोष्टीतल्या, सारखं बाहेर बघत बसणाऱ्या त्या दोन पोरांची आठवण झाली.

मी काचेला कपाळ लावलं. ओरडले नाही, अगदी हळू म्हणाले. लहानपणी चिंचेवर चढले आणि उतरता येईना, तेव्हा म्हटलं होतं तसं. "आबा, मला खाली घ्या."

किती वेळा म्हटलं माहीत नाही. जाधवांनी माझं मनगट धरलं.

"ताई. धूर."

धुराचं ते कोपर सरळ होत होतं. लोट हलला, वर चढला, विस्कटला. पंख्यांचा आवाज बदलला. मागे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला – तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. वैमानिक म्हणाला, धुकं निवळलंय, आपण उतरतो आहोत.

खाली चाकं टेकली तेव्हा लोक आपापसात कुरकुरत होते. "अर्धा तास घालवला राव." "पुढची मीटिंग गेली माझी." मी उभी राहिले तर चपला पायात जाईनात. मांडीवर पूर्ण मफलर. गोंड्यासकट. मी तो उलटसुलट करून बघितला. असा मफलर करायला मला घरकाम सांभाळून चार दिवस लागतात.

जाधव हनुवटीवरून हात फिरवत होते. मी बघितलं. गालांवर पांढरे खुंट उगवले होते, चांगले बोटाला टोचतील असे.

"कुणाला सांगू नगासा," ते म्हणाले. "मीबी सांगणार न्हाई. आता पळा, वडलांकडं."

बाहेर चुलतभाऊ संजय गाडी घेऊन आला होता. मी त्याला विचारलं, "आज वार काय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तायडे, तू काल बोललीस की माझ्याशी. सकाळच्याला निघणार म्हणून. आज सकाळच हाय." गाडीतल्या घड्याळात दहा वाजून गेले होते. उशीर झाला होता, पण थोडासाच. गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली आणि मी झोपले. त्याने सांगलीत हॉस्पिटलच्या दारात उठवलं.

दादा आणि वैनी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले होते. दोघांचे चेहरे पांढरे. मला वाटलं, संपलं.

"हाईत," दादा म्हणाला. "पण... शैले, तू इमानानं आलीस?"

"हो. तुला सांगितलं होतं की."

"मला सांगितलंस. आबास्नी आमी सांगितलं न्हवतं. डॉक्टर म्हनले, उगा जिवाची तगमग व्हईल." त्याने वैनीकडे बघितलं. वैनीने सांगितलं. ती सकाळी आत आबांपाशी होती, नर्सही होती. कालपासून एक शब्द न बोललेले आबा अचानक स्पष्ट बोलले. जीभ जड नाही, अडखळणं नाही.

"म्हनले, शैला कुठं हाय? मी म्हनलं, हैदराबादला. तर म्हनले, न्हाई. शैला वरती आभाळात फिरतीया. एका जागीच फिरतीया. तिला उतरता यीना." वैनीने माझा हात धरला. "आवं, मी म्हनलं, आबा, असं काय बोलताय... तर उठायला लागले. एका हातानं नळ्या उपसायला लागले. चौघांनी धरलं. हात पट्टीनं पलंगाला बांधले. मग वर छताकडं बघून कुणाला तरी म्हनले – 'तिला सोडा. तिच्या जागी मी बसतो.' दोनदा म्हनले. आन् गप झाले."

"कधी?" मी विचारलं.

"तुमी यायच्या आधी. तास-दीड तास झाला असंल. डॉक्टर म्हनत्यात, बेसुद्ध पडले. आमास्नी मातर..." तिने पदर तोंडाला लावला.

मी चपला काढून आत गेले. आबांचे हात अजून बांधलेले होते. मी सोडायला लावले. डोळे उघडे होते, पण मी समोर उभी राहिले तरी नजर माझ्यावर येत नव्हती. मफलर त्यांच्या छातीवर ठेवला. नर्स म्हणाली, इथं असं काही ठेवता येत नाही, म्हणून परत उचलला.

त्यानंतर आबा शुद्धीवर आले नाहीत. पुन्हा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला इजा झालेला भाग वाढलेला नाही, खरं तर जाग यायला हवी, पण वय आहे, थांबू. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द कळत होतं. एकच गोष्ट होती. आबांची मान हळूहळू डावीकडे कलायची. नर्स उशी सरळ करायची. थोड्या वेळाने परत कलायची, मग आपोआप सरळ व्हायची, मग परत डावीकडे. डॉक्टर म्हणाले, या प्रकारच्या झटक्यात रोग्याची नजर आणि मान एका बाजूला वळते, पुस्तकात आहे. आहेच, मलाही माहीत आहे. पण पुस्तकात मान वळते आणि तिथंच राहते. आबांची सारखी कलायची आणि सरळ व्हायची... मी पलंगाशेजारी बसून ते बघायचे आणि विमान कललं की धरतात तसा पलंगाचा दांडा धरायचे.

असेच दिवस गेले. शेवटी डॉक्टरच म्हणाले, घरी न्या. आम्ही आबांना गावी आणलं, सोप्यातल्या पलंगावर ठेवलं. गल्लीतून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, माणसं येऊन बघून जात होती. आबा कलत होते, सरळ होत होते. वैनी म्हणायची, "जीव कशात अडकलाय कुणास ठावं." लोकांनी सांगितलं, आवडतं खायला घाला, तुळशीचं पाणी घाला. सगळं केलं.

एका दुपारी दादा गुरांकडे गेला होता, वैनी मागच्या दारी. मी आणि आबा दोघंच. मला ते बघवेना. मी त्यांच्या कानाशी वाकले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

म्हटलं, "आबा, मी पोचले. कधीच पोचले. माझी काळजी करू नका... आता तुम्ही उतरा."

मान डावीकडे कललेली होती. ती सरळ झाली. सरळच राहिली. नजर छतावरून खाली आली, माझ्या तोंडावर आली. मला बघितलं त्यांनी, शपथेवर सांगते. मग एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही.

दादा आत आला तेव्हा मी तशीच वाकलेली होते. नंतर, सगळं उरकल्यावर त्याने विचारलं, "कानात काय सांगितलंस गं आबांच्या?" मी म्हटलं, पाणी हवंय का विचारलं. त्याला अजून तेच माहीत आहे. तो हे वाचत असेल तर, दादा, पाणी विचारलं नव्हतं रे.

हैदराबादला परतल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फोनवर त्या दिवशीच्या त्या विमानाची वाट शोधून काढली. नकाशावर हैदराबादपासून सरळ रेघ, सांगली जिल्ह्यावर तीन-चार वेटोळी, मग कोल्हापूर. उशीर अर्ध्या तासाच्या आसपास. बस, एवढंच. "अगं, तू आदली रात्रभर झोपली नव्हतीस," ते म्हणाले. खरं आहे. मग मफलर? "आधीच थोडा विणला असशील." मी वाद घातला नाही. जाधवांना फोन केला होता एकदा, उतरताना नंबर घेतला होता. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. म्हणाले, "घरी भाच्यानं इचारलं, मामा, दाढी का केली न्हाई निघताना. म्या म्हनलं, इसरलो." वडील गेल्याचं सांगितलं तर कधी गेले ते विचारलं. मग म्हणाले, "सुटले म्हना." आबा काय बोलले होते ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आबांना कसं कळलं, ते कुणाशी बोलत होते, त्यांच्या जागी मी की माझ्या जागी ते... मला काही माहीत नाही. मी आजही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे वाचून तुम्हाला हसू येईल. माहेरी आता ट्रॅव्हल्सने जाते.

फक्त एक हिशोब डोक्यातून जात नाही, आणि तो सांगायलाच मी हे लिहायला बसले. खालच्या अर्ध्या तासात मी वर एक अख्खा दिवस काढला, एक रात्र काढली, कदाचित जास्त. माझ्याजवळ विणायला लोकर होती, बोलायला माणूस होतं. आबा माझ्या जागी बसले ते खालचे किती तरी दिवस बसले... एकटे. त्यांचे तिथले किती झाले असतील?